कृतज्ञता वेगळी आणि "माणसं वाचली ना" वेगळं

3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या खाली किनाऱ्याला लागलं आणि मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपासून पार दापोलीपर्यंत नारळ-पोफळीच्या (सुपारीच्या झाडांच्या) वाड्याच्या वाड्या, म्हणजे बागा, आडव्या झाल्या. त्यानंतर आमच्याकडे दोन टाइपची वाक्यं कानावर यायची. एक म्हणजे, "जाऊदे रे, माणसं वाचली ना, आता रडायचं कशाला." दुसरं, "शेजारच्या पोरांनी धावत येऊन ताडपत्री ओढली म्हणून तांदूळ तरी कोरडा राह्यला." दोन्हीत वाईटातलं चांगलं बघितलंय, म्हणून आपण दोन्हीला कृतज्ञता म्हणून मोकळे होतो. मला विचाराल तर पहिली कृतज्ञता नाहीच, ती गप्प बसवायची सभ्य पद्धत आहे.

बघा ना, ते वाक्य ज्याच्या पोफळी पडल्या तो फार कमी वेळा बोलतो, बघायला आलेला पाव्हणाच जास्त बोलतो. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला 6-7 वर्षं सहज जातात, साठीतल्या माणसाने ते झाड परत लावायचं म्हणजे काय हे चहा पिऊन निघून जाणाऱ्याला कुठून कळणार. त्यात आणि तुलना आलीच. 22 जुलै 2021 ला पुरात चिपळूण बुडलं, त्याच दिवशी महाडकडे तळीये गावावर दरड येऊन 80 च्या वर माणसं गेली, मग दुकानात कमरेएवढा चिखल भरलेल्याने तोंड उघडलं की "तळीयेवाल्यांचं बघ" म्हणायला सगळे तयार. आता तो बिचारा काय बोलणार.

यावर अमेरिकेतल्या एमन्स आणि मॅकलॉ या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2003 चा अभ्यास मला फार आवडतो. त्यातल्या एका प्रयोगात एका गटाने रोज कशाबद्दल आभार वाटतात ते लिहायचं, एकाने कटकटी लिहायच्या, आणि एकाने आपण इतरांपेक्षा कसे बरे आहोत ते लिहायचं, म्हणजे थोडक्यात आपलं "तळीयेवाल्यांचं बघ"च. आभार लिहिणाऱ्यांनी कुणाला तरी मदत केल्याचं, धीर दिल्याचं बाकी दोन्ही गटांपेक्षा जास्त सांगितलं. म्हणजे दुसऱ्याचं दुःख मोजून आपलं बरं मानणं आणि आभार मानणं या गोष्टी तिथेही वेगळ्याच निघाल्या.

खऱ्या कृतज्ञतेत कोणी तरी माणूस असतो, त्याने केलेलं काही तरी काम असतं, आणि मुख्य म्हणजे जे गेलं त्याबद्दल बोलायला ती आडवी येत नाही. तळकोकणात देवळात गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने केलेली विनवणी, घालताना ऐकलंय ना? आजवर राखलंस हे पण त्यात येतं, आणि अमक्याच्या घरातली पिडा टाळ, तमक्याचं काम होऊ दे हे पण, आणि दोन्हीवर जमलेल्यांचं तेच खणखणीत "व्हय म्हाराजा". देवाला सांगताना चालतं, मग शेजाऱ्याला सांगताना का नाही चालत कुणास ठाऊक.

आणि हे फक्त मनाचं नाही, खिशाचंही आहे. निसर्गनंतर बागांना हेक्टरी 50 हजार जाहीर झाले, ऐकायला बरं वाटतं, पण आपल्याकडे वाड्या गुंठ्यात. 10 गुंठेवाल्याला त्या हिशोबाने जेमतेम 5 हजार, एवढ्यात पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरीपण निघत नाही. लोकांनी ओरड केली तेव्हा कुठे झाडामागे मदत द्यायचं ठरलं. तेव्हा पुढच्या वेळी तलाठी पंचनाम्याला आला की लाजू नका, नारळ, पोफळ, आंब्याचं कलम सगळं मोजून लिहून घ्या, आणि माणूस वेळेत आला असेल तर त्याचेही आभार माना.