कर, चहा आणि सनद : अमेरिकी वसाहतींच्या बंडाची पार्श्वभूमी

६ सप्टेंबर १७७४ रोजी मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील वुस्टर गावात न्यायालय बसायचे होते, परंतु ते बसले नाही. आसपासच्या ३७ गावांच्या मिलिशिया (गावकऱ्यांच्या सशस्त्र) पथकांतील ४,६२२ लोक त्या सकाळी गावात येऊन मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. राजाने नेमलेल्या न्यायाधीशांना आणि न्यायालयाच्या इतर अधिकाऱ्यांना त्यांनी टोप्या काढून हातात घ्यायला लावल्या आणि त्या दोन रांगांमधून चालत नेले. लंडनहून आलेल्या नव्या कायद्याप्रमाणे आपण काम करणार नाही, हे लिहून दिलेले निवेदन प्रत्येक पथकासमोर थांबून पुन्हा वाचावे लागत होते, त्यामुळे ते पंचवीस-तीस वेळा तरी वाचले गेले. एकही गोळी सुटली नाही. ज्या चकमकीने युद्धाला तोंड फुटले त्या लेक्सिंग्टनच्या चकमकीला अजून सात महिने होते. तरीही त्या दिवसानंतर वुस्टर परगण्यात ब्रिटिश राजसत्तेचा अंमल पुन्हा कधीच बसला नाही.

वसाहतवाल्यांचे बंड न्याय्य होते का, हा प्रश्न सहसा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा समोर ठेवून विचारला जातो. मात्र त्याचे उत्तर कोणत्या वर्षी विचारले, यावर बरेच अवलंबून आहे. १७६५ मध्ये वसाहतींची बाजू वाटते तितकी भक्कम नव्हती. १७७४ मध्ये ती तशी झाली, आणि तसे होण्याचे कारण कर हे नव्हते.

सुरुवात १७६३ पासून करावी लागते. सात वर्षांच्या युद्धात ब्रिटनने फ्रान्सला उत्तर अमेरिकेतून हुसकावले, पण त्या विजयाने ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज सुमारे ७.५ कोटी पौंडांवरून १३ कोटींच्या घरात नेऊन ठेवले. नव्याने मिळालेल्या मुलखाच्या रक्षणासाठी अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक ठेवण्याचे ठरले आणि त्यांच्या खर्चाचा काही भाग तरी वसाहतींनी उचलावा, असे पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांचे म्हणणे पडले. ते अवाजवी होते असे म्हणणे कठीण आहे. युद्धाचा सर्वांत मोठा लाभ वसाहतींना झाला होता, आणि त्यांच्यावरचा कराचा बोजा ब्रिटनमधल्या माणसाच्या तुलनेत अगदीच हलका होता. दुसरीकडे, ऑक्टोबर १७६३ च्या राजघोषणेने अ‍ॅपलेशियन डोंगररांगेच्या पश्चिमेला वस्ती करण्यास मनाई केली. फ्रेंचांचा धोका टळल्यावर ज्या जमिनी हाती येतील म्हणून लोक डोळे लावून बसले होते, त्यांच्यासमोर अशी रेघ ओढली गेली. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यासारख्या, पश्चिमेकडच्या जमिनींत पैसा गुंतवणाऱ्या मंडळींना ती विशेष खुपली.

मार्च १७६५ मध्ये संमत झालेला मुद्रांक कायदा १ नोव्हेंबरपासून लागू होणार होता. मुद्रांक शुल्क ही इंग्लंडात १६९४ पासून चालत आलेली बाब होती, त्यामुळे संसदेत त्याला फारसा विरोध झाला नाही. वसाहतींत मात्र मृत्युपत्र, खरेदीखत, वर्तमानपत्र, पंचांग या सर्वांसाठी शिक्का उठवलेला कागद घेणे आता सक्तीचे झाले. पत्त्यांच्या जोडावर एक शिलिंग आणि फाशांवर दहा शिलिंग बसले. हे शुल्क ब्रिटिश चलनाच्या हिशेबाने भरायचे होते आणि वसाहतींत नाण्यांची कायमच टंचाई असे. शिवाय कायदा मोडणाऱ्यावरचा खटला ज्युरी नसलेल्या नाविक न्यायालयातही चालवता येत असे. ग्रेनव्हिल यांची राजकीय चूक याहून साधी होती: हा कर नेमका वकील, मुद्रक आणि खानावळवाले यांच्यावर पडला, म्हणजे ज्यांच्या हातात लेखणी, छापखाना आणि लोक जमण्याची जागा होती त्यांच्यावर. ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या जमावाने नियोजित मुद्रांक अधिकारी अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा झाडाला टांगला आणि त्यानंतर बारा दिवसांनी उपराज्यपाल थॉमस हचिन्सन यांचे घर लुटून उद्ध्वस्त केले. या प्रकाराला ‘हक्कांचे रक्षण’ म्हणणे तेव्हाच्या अनेक वसाहतवाल्यांनाही जड गेले.

वादाचा तात्त्विक भाग याच सुमारास स्पष्ट झाला. ब्रिटिश सरकारतर्फे टॉमस व्हेटली यांनी असा युक्तिवाद केला की संसदेचा सदस्य केवळ आपल्या मतदारसंघाचा नव्हे तर साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम यांसारख्या वाढत्या शहरांनाही स्वतःचा सदस्य नाही, तरी ती कर भरतातच. (याच वेळी ओल्ड सेरम या जवळजवळ ओसाड पडलेल्या जागेला मात्र दोन सदस्य होते, याचा उल्लेख सरकारपक्षाने टाळला.) मेरिलँडचे वकील डॅनियल ड्युलनी यांनी या युक्तिवादातील नेमकी फट दाखवली. मतदान न करणाऱ्या इंग्रजावर जो कर बसतो तो मतदान करणाऱ्यावरही बसतो, म्हणून दोघांचे हित एकच असते. अमेरिकेवर बसवलेला कर मात्र इंग्रज मतदाराचा भार हलका करतो, आणि मग त्याचा सदस्य अमेरिकेचे हित कशासाठी पाहील? १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानुसार संसदेच्या संमतीशिवाय राजा कर बसवू शकत नव्हता. तेच इंग्रजी तत्त्व वसाहती आपापल्या विधानसभांना लावत होत्या.

‘प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही’ ही घोषणा शाळेच्या पुस्तकात वाचणाऱ्याचा सहज समज होतो की वसाहतींना संसदेत जागा हव्या होत्या. वस्तुस्थिती तशी नव्हती. ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यू यॉर्कला जमले तेव्हा त्यांनी ठरावातच नमूद केले की आपले प्रतिनिधित्व ब्रिटिश संसदेत नाही आणि अंतर व परिस्थिती पाहता ते होऊही शकत नाही. त्यामुळे मागणी संसदेतील जागांची नव्हती. करापुरता संसदेचा अधिकारच त्यांना मान्य नव्हता.

१७६६ मध्ये मुद्रांक कायदा रद्द झाला. त्याच दिवशी दुसरा कायदा संमत झाला, ज्यात वसाहतींसाठी ‘सर्व बाबतीत, कोणताही’ कायदा करण्याचा संसदेचा अधिकार घोषित केला होता. वसाहतींत रोषणाई झाली ती पहिल्या बातमीची. दुसरीकडे फार थोड्यांनी लक्ष दिले. पुढल्या वर्षी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर आयात शुल्क आले. बहिष्कारामुळे १७७० मध्ये तेही मागे घेण्यात आले, फक्त चहावरचे पौंडामागे तीन पेन्स तेवढे राहिले. बॉस्टनमध्ये ५ मार्च १७७० रोजी सैनिकांच्या गोळीबारात पाच माणसे मरण पावली. या सैनिकांचे वकीलपत्र घेणारे जॉन अ‍ॅडम्स पुढे स्वतः बंडाच्या अग्रणींपैकी एक झाले. त्यांच्या आठ अशिलांपैकी सहा निर्दोष सुटले आणि दोघांवरील मनुष्यवधाचा आरोप सिद्ध होऊन त्यांच्या अंगठ्यावर डाग देण्यात आला. ब्रिटिश कायद्याखाली वसाहतींत न्याय मिळतच नव्हता, हा दावा निदान त्या वर्षी टिकणारा नव्हता.

चहाचे प्रकरण ईस्ट इंडिया कंपनीचे आहे, म्हणून मराठी वाचकाने तिथे जरा थांबायला हरकत नाही. बंगालच्या १७७० च्या दुष्काळानंतर कंपनी कर्जात बुडाली होती आणि न खपलेला चहा लंडनच्या गोदामांत साचला होता. १७७३ च्या कायद्याने कंपनीला हा चहा थेट अमेरिकेत विकण्याची मुभा मिळाली, आणि शुल्क धरूनही तो पूर्वीपेक्षा स्वस्त पडणार होता. तोटा होणार होता तो स्थानिक दलालांचा आणि चोरट्या चहावर श्रीमंत झालेल्या व्यापाऱ्यांचा. १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनच्या धक्क्यावरील तीन जहाजांतून बंडखोर वसाहतवाल्यांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या. कंपनीने नुकसान ९,६५९ पौंड लावले. हा चहा चीनचा होता, भारतीय चहाचे मळे तेव्हा अस्तित्वातच नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्यातून उद्भवलेल्या वारसाहक्काच्या भांडणात उतरून कंपनीच्या मुंबई सरकारने कलकत्त्याची संमती न घेता ६ मार्च १७७५ रोजी रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला. सहा आठवड्यांनी लेक्सिंग्टनला गोळीबार झाला. १७८२ मध्ये सालबाईचा तह होईपर्यंत ब्रिटनची मराठ्यांशी आणि अमेरिकी वसाहतींशी अशी दोन्ही युद्धे जोडीनेच चालू होती.

चहाच्या नासधुशीला लंडनने दिलेले उत्तर हाच या साऱ्या वादाचा गाभा आहे. नुकसानभरपाई मागणे रास्त ठरले असते. संसदेने १७७४ मध्ये बॉस्टनचे बंदर तर बंद केलेच, पण पुढे जाऊन मॅसॅच्युसेट्सची १६९१ ची सनदच, म्हणजे वसाहतीचा कारभार कसा चालावा हे ठरवणारा राजाने दिलेला लेखच, बदलली. वसाहतीचे सल्लागार मंडळ आजवर निवडून येत असे, ते आता राजा नेमणार होता. ज्युरीची निवड शेरीफकडे गेली. गावसभा राज्यपालाच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच भरवता येणार होती. ज्यांच्याबद्दल हे ठरत होते त्यांचे म्हणणेही ऐकून घेतले गेले नाही. वुस्टरचा शेतकरी चहा फारसा पीतही नसेल. परंतु गावचा रस्ता, शाळा आणि चर्च यांचा निर्णय जिथे होई ती सभाच त्याच्या हातून जात होती. १७६६ च्या त्या दुर्लक्षित कायद्यातील ‘सर्व बाबतीत’ या शब्दांचा अर्थ त्याला आठ वर्षांनी कळला. माझ्या मते बंडाच्या समर्थनाची खरी बाजू इथे उभी राहते: जी सत्ता लेखी सनद एकतर्फी फिरवते, तिने आज्ञापालनाचा आधार स्वतःच काढून घेतलेला असतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांचा सिद्धांतही साधारण हाच होता, आणि १६८८ मध्ये इंग्रजांनी आपल्या राजाला घालवताना अशाच कारणांचा आधार घेतला होता.

या समर्थनावरचा सर्वांत झोंबणारा आक्षेप इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सन यांनी १७७५ मध्ये घेतला: स्वातंत्र्यासाठी सर्वांत मोठ्याने ओरडणारे गुलामांचे मालकच कसे? वसाहतींच्या सुमारे २५ लाख लोकसंख्येत जवळपास ५ लाख गुलाम होते. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचे राज्यपाल लॉर्ड डनमोर यांनी बंडखोर मालकांच्या जे गुलाम राजाच्या बाजूने लढतील त्यांना मुक्ती जाहीर केली आणि शेकडो जण त्यांच्याकडे पळाले. त्यांच्या दृष्टीने बंडखोर कोण आणि जुलमी कोण हा हिशेब उलटाच होता. जाहीरनाम्याच्या मसुद्यात थॉमस जेफरसन यांनी गुलामांच्या व्यापाराचा दोष राजाच्या माथी मारला होता. वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने तो परिच्छेद गाळला आणि मूलनिवासींना निर्दय रानटी म्हणणारे वाक्य ठेवले. १७६३ ची रेघ ज्यांच्या जमिनी राखत होती तेच हे लोक. राजनिष्ठ वसाहतवाल्यांचीही गणती करावी लागते: युद्ध संपता संपता त्यांतले ६०,००० च्या आसपास लोक देश सोडून गेले.

या आक्षेपांनी सनदेचा मुद्दा खोटा ठरत नाही. तो किती थोड्यांपुरता होता, एवढे मात्र दिसते.

वुस्टरच्या त्याच न्यायालयाच्या दारात बारा वर्षांनी, सप्टेंबर १७८६ मध्ये, पुन्हा जमाव उभा राहिला. युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी आता बॉस्टनमधील निवडून आलेली विधानसभा जबर कर बसवत होती, ते नाण्यांत भरायचे होते, आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या जमिनींवर जप्ती येत होती. त्यांच्या म्होरक्यांपैकी डॅनियल शेज हे १७७५ च्या बंकर हिलच्या लढाईत लढलेले कॅप्टन होते. या वेळी पायऱ्यांवर संगिनींसमोर उभे राहून जमावाला कायदा समजावून सांगणारे न्यायाधीश होते आर्टेमस वॉर्ड, म्हणजे १७७५ मध्ये बॉस्टनच्या वेढ्यातील बंडखोर सैन्याचे पहिले सेनापती. न्यायालय त्या दिवशीही बसले नाही. राजसत्तेविरुद्धच्या बंडाला क्षमा असू शकते, पण प्रजासत्ताकाच्या कायद्याविरुद्ध उठणाऱ्याला मृत्युदंडच हवा, अशी भूमिका १७६५ पासून लोकांना उठवत आलेल्या सॅम्युअल अ‍ॅडम्स यांनी घेतली. जाहीरनाम्यावर पहिली सही करणारे जॉन हॅन्कॉक १७८७ मध्ये पुन्हा राज्यपाल झाले. त्यांच्या कारकिर्दीत दोघांना फाशी झाली आणि शेज यांना १७८८ मध्ये माफी मिळाली.