डावखुरा रायफल-दस्ता

डावखुरा रायफल-दस्ता : डाव्या खांद्याला टेकवून डाव्या डोळ्याने नेम धरता यावा अशा बेताने घडवलेला रायफलचा दस्ता, म्हणजेच स्टॉक. दस्ता कोणत्या हाताचा आणि बोल्ट (गोळी नळीत सरकवून नळी बंद करणारा मुठीचा दांडा) कोणत्या बाजूचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाली की खरेदी हमखास फसते.

रचना : उजवा नेमबाज आपला गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकवतो, म्हणून चीकपीसचा उंचवटा तिकडे असतो. डावखुऱ्याला तो उजव्या अंगाला लागतो. मुठीवरचा तळहाताचा फुगवटा उजव्या दस्त्यात उजवीकडे असतो, डाव्यात डावीकडे. दस्त्याची टाच (खांद्याला टेकणारे टोक) नळीच्या रेषेपासून काही मिलिमीटर बाहेर झुकवलेली असेल, तर तो झुकावही उलटतो. अंगठ्यासाठी भोक असलेला दस्ता सहसा एकाच हाताचा असतो. डावखुऱ्याने उजवा दस्ता वापरला तर गाल सपाट किंवा आत गेलेल्या बाजूवर टेकतो, डोळा दुर्बिणीच्या मध्यरेषेवर येत नाही आणि मान वाकवावी लागते. मान दर खेपेला सारखीच वाकत नाही, त्यामुळे गोळ्या आडव्या पसरतात. चीकपीस नसलेला सममित दस्ता दोन्ही हातांना चालतो. तो स्वस्त आणि सहज मिळणारा पर्याय आहे, मात्र गालाची उंची साधण्यासाठी वरून पट्टी बांधावी लागते.

कोणता हात, याआधी कोणता डोळा हे ठरवावे. दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवावी, दोन्ही डोळे उघडे ठेवून फटीतून दूरची वस्तू पाहावी, मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला वस्तू फटीतच दिसत राहते तो प्रधान डोळा. लिहिण्याचा हात उजवा आणि प्रधान डोळा डावा, अशी माणसे पुष्कळ असतात व त्यांनाही डावा दस्ता सोयीचा पडू शकतो.

उगम : चकमकीच्या गारगोटीने दारू पेटवण्याच्या काळातील, डाव्या बाजूला कळ (ठिणगी पाडणारी यंत्रणा) असलेल्या बंदुका संग्रहालयांत आढळतात. त्या डावखुऱ्यांसाठीच केल्या, असे काही संग्राहक मानतात. इतरांच्या मते त्यांपैकी काही जोडीतील दुसऱ्या बंदुका असाव्यात. केवळ कळीच्या बाजूवरून निर्णय देणे धोक्याचे आहे. जर्मन येगर (शिकारी) व अमेरिकी लांब रायफलींत सामान्यतः चीकपीस डावीकडे आणि गोळीभोवती गुंडाळायच्या चिंध्यांची झाकणपेटी उजवीकडे असते. या दोन्ही गोष्टी कळीसोबत उलटलेल्या असतील, तरच बंदूक डावखुऱ्याची मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कारखानी डाव्या बोल्टचे श्रेय बहुधा सॅव्हेज कंपनीच्या 110 या रायफलीला दिले जाते. मूळ रायफल 1958 सालची, डावी आवृत्ती 1959च्या सुमाराची. वेदरबी कंपनीच्या मार्क फाइव्ह रायफलीची डावी आवृत्तीही त्याच सुमारास आली असल्याने ‘पहिली’ हा शब्द जपून वापरावा. सामान्य ग्राहकाला परवडणारी पहिली, एवढे सॅव्हेजबाबत म्हणता येते. त्यापूर्वी कारागिराकडून रूपांतर करून घेणे किंवा मार्टिनी पद्धतीची रायफल घेणे हे मार्ग होते. मार्टिनीची तरफ खालून चालते, म्हणून तिला डावे-उजवे नाही.

बोल्ट आणि खाच : दस्त्यात बोल्टच्या मुठीसाठी खाच कापलेली असते. डाव्या अॅक्शनसाठी (बोल्ट व तो ज्यात सरकतो तो धातूचा भाग) कापलेल्या दस्त्यात उजवी अॅक्शन बसवली, तर खाच नको त्या बाजूला उघडी राहते आणि बोल्ट लाकडावर अडतो. म्हणून मॅकमिलन, बॉइड्स यांसारख्या अमेरिकी दस्ताकारांकडे मागणी नोंदवताना ‘दस्ता डावा, अॅक्शन उजवी’ असे दोन्ही स्पष्ट लिहावे. ही जोडी नेहमीच तडजोड असते असे नाही. बायपॉडवर (नळीखालच्या दोन पायांच्या आधारावर) किंवा टेबलावरून मारताना डावखुऱ्याचा उजवा हात मोकळा असतो. डावा हात मुठीवरून न हलवता उजव्याने बोल्ट ओढता येतो. रायफलीचा पट्टा दंडाला बांधून पालथे झोपल्यावर मात्र उजवा हात अडकलेला असतो. डाव्या हाताला वरून पलीकडे जावे लागते व बैठक मोडते. तिथे डावा बोल्टच हवा. उजवा बोल्ट झाडलेल्या काडतुसाची पुंगळी उजवीकडे फेकतो, आणि डावखुऱ्याचा चेहरा त्याच बाजूला असतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

बसवणी : अॅक्शन ठेवल्यावर बोल्ट पूर्ण बंद करून मुठीभोवती कागदाची पट्टी फिरवावी, कुठेही अडता कामा नये. दीडेक मिलिमीटर मोकळीक पुरते. चुकीच्या बाजूची खाच अक्रोडाचा तुकडा किंवा इपॉक्सी भरून बुजवता येते. सेफ्टी (चाप रोखणारा खटका) आणि बोल्ट-स्टॉप (बोल्ट बाहेर निघू न देणारा अडसर) यांच्या खाचाही तपासाव्यात, त्या सर्रास विसरल्या जातात. मग नळीवर डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारे काट्याचे मापयंत्र) लावून पुढचा स्क्रू सैल करावा. काटा 0.05 मिमीपेक्षा जास्त हलला, तर अॅक्शन वाकून बसते आहे. अशा वेळी इपॉक्सी बेडिंग करावे, म्हणजे अॅक्शनखाली इपॉक्सीचा थर देऊन तिला नेमकी बैठक करावी. धातूला आधी मेण किंवा रिलीज एजंट (चिकटू न देणारा लेप) न लावल्यास अॅक्शन दस्त्यातच चिकटते आणि सहजी सुटत नाही. स्क्रू निर्मात्याने दिलेल्या मापानेच आवळावेत. अॅल्युमिनियमचा आधार असलेल्या रेमिंग्टन 700च्या दस्त्यांना 65 इंच-पौंड, म्हणजे सुमारे 7.3 न्यूटन-मीटर, हे माप रूढ आहे.

स्पर्धेच्या रायफली : येथे अडचण कमी. आन्शुट्झ, वॉल्टर, फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपन्यांच्या अॅल्युमिनियम दस्त्यांत चीकपीस व बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) सरकवता येतात. मूठ मात्र डावीच मागवावी लागते. 10 मीटर एअर रायफलीला वजनाची मर्यादा 5.5 किलो आहे, अंगठ्याचे भोक आणि पामरेस्ट (पुढच्या हाताच्या तळव्याचा आधार) निषिद्ध आहेत. त्यामुळे शिकारी वापराचा अंगठ्याच्या भोकाचा डावा दस्ता येथे चालत नाही. 1938 मध्ये उजव्या हाताला गंभीर दुखापत होऊनही डाव्या हाताने 1948 व 1952ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या हंगेरीच्या कारोय ताकाच यांचे उदाहरण डावखुऱ्या नेमबाजीबाबत वारंवार दिले जाते, पण त्यांचे हत्यार पिस्तूल होते. तेथे खांद्याचा व गालाचा प्रश्नच येत नाही.