उंदरांची दोन वर्षं मायक्रोवेव्हच्या सहवासात

१९८०च्या दशकात अमेरिकी हवाई दलाच्या पैशातून सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एक प्रयोग झाला. रडारसारख्या सौम्य मायक्रोवेव्ह लहरी जवळजवळ आयुष्यभर अंगावर पडत राहिल्या तर काय होतं, हे पाहायचं होतं. बिल गाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० नर रॅट, म्हणजे प्रयोगशाळेतले मोठ्या जातीचे उंदीर घेतले. त्यातल्या शंभरांवर २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडल्या, रोज साडेएकवीस तास, २५ महिने. घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनची वारंवारताही हीच, पण इथली मात्रा अगदी कमी होती. उरलेले शंभर तशाच पिंजऱ्यांत, तशाच देखभालीत राहिले, फक्त लहरींविना.

दोन्ही गट सारखेच जगले. बहुतेक तपासण्यांत फरक दिसला नाही. कॅन्सरच्या मूळ गाठी मात्र लहरींच्या गटात १८ आणि दुसऱ्या गटात ५ निघाल्या. आकडा दचकवणारा आहे, पण साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठीही धरल्या तर दोन्ही गट सारखेच ठरत होते, आणि कॅन्सरचा एखादाच प्रकार वाढला असंही नव्हतं. त्यामुळे १९९२ साली निष्कर्ष छापून आले तरी वाद मिटला नाही.

मायक्रोवेव्हमध्ये रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. त्यांचा पक्का माहीत असलेला परिणाम एकच, तो म्हणजे उष्णता. म्हणून अशा प्रयोगात उंदीर तापू न देता त्याला भरपूर लहरी द्याव्या लागतात, आणि तो तर सतत हलतो, वळतो, अंग चोरून झोपतो. प्रत्येक वेळी त्याच्या शरीरात शिरणारी ऊर्जा बदलते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. शिकागोत धातूच्या बंद खोल्या बांधल्या आणि आत मोठी फिरती पाती बसवली. लहरी भिंतींवरून आणि पात्यांवरून उलटसुलट परावर्तित होऊन सगळ्या दिशांनी येत, त्यामुळे उंदीर कसाही बसला तरी चालत असे. लहरी दहा मिनिटं चालू आणि दहा मिनिटं बंद, अशा दिवसाकाठी एकूण नऊ तास. रॅटसाठी मोबाइलसारख्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी, आणि सुरुवात आईच्या पोटात असल्यापासून. खर्च सुमारे तीन कोटी डॉलर.

नोव्हेंबर २०१८मध्ये अंतिम अहवाल आला. नर रॅटच्या हृदयात, मज्जातंतूंच्या वेष्टणातल्या पेशींपासून होणाऱ्या श्वानोमा नावाच्या कॅन्सरच्या गाठींबद्दल ‘स्पष्ट पुरावा’ असल्याचं त्यात म्हटलं. माद्यांमध्ये आणि लहान जातीच्या उंदरांमध्ये असं स्पष्ट काही निघालं नाही. रॅटसाठी सर्वाधिक मात्रा होती किलोमागे ६ वॉट, आणि तीही संपूर्ण शरीराला. भारतात मोबाइलसाठी मर्यादा किलोमागे १.६ वॉटची, तीही शरीराच्या एका ग्रॅमभर भागात मोजलेली. हा फरक न सांगता ‘मोबाइलने कॅन्सर’ असा मथळा देणं वाचकाची फसवणूक आहे.

अहवालातली खरी अडचण मात्र वेगळीच आहे. लहरी न दिलेल्या नर रॅटपैकी दोन वर्षांअखेर फक्त २८ टक्के जिवंत होते. लहरी झेललेले त्यांच्यापेक्षा जास्त जगले! तुलनेच्या गटात मूत्रपिंडाचा जुनाट आजार जास्त तीव्र होता. पण उंदीर लवकर गेला की उतारवयात होणारी गाठ त्याला होण्याआधीच तो संपतो. मग त्या गटात हृदयातला एकही श्वानोमा नव्हता, याला वजन किती द्यायचं? माझ्या मते थोडं कमीच. तुलनेच्या गटात जेमतेम ९० नर असताना तर नक्कीच.

तरीही मला हा निकाल बाजूला सारता येत नाही. त्याच वर्षी इटलीतल्या बोलोन्याच्या रामाझिनी संस्थेने २,४४८ रॅटवरचा आपला प्रयोग जाहीर केला. लहरी मोबाइल टॉवरसारख्या, खूपच सौम्य, रोज १९ तास. उंदरांना दोन वर्षांनी मारलं नाही, नैसर्गिक मृत्यूपर्यंत जगू दिलं. तिथेही सर्वांत तीव्र लहरींच्या गटातल्या नरांमध्ये वाढलेली गाठ हृदयातली श्वानोमाच होती.