कासाविशी कसली: कॅन्सरची, तलफेची की औषधांची?

बायोप्सीचा रिपोर्ट आला की पेशंटला एकाच दिवशी दोन गोष्टी ऐकाव्या लागतात. कॅन्सर आहे, आणि आजपासून बिडी-सिगारेट बंद. पहिल्या गोष्टीसाठी तपासण्या, तारखा, फाईल, सगळं सुरू होतं. दुसरीसाठी बहुतेक वेळा 'मनावर घ्या' एवढ्यावरच भागवलं जातं. तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, झोप उडते, घरच्यांवर खेकसणं सुरू होतं आणि पेशंट म्हणतो, "एवढं टेन्शन असताना सोडणं जमायचं नाही. आधी ट्रीटमेंट होऊ दे."

हे 'एवढं टेन्शन' नेमकं कशाचं, ते वेगळं करता आलं तर सोडणं पुष्कळ सोपं होतं. त्यात निदान तीन वेगवेगळे ताण मिसळलेले असतात. दिसायला सारखे, पण प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं आणि उपायही निराळा.

पहिला ताण तलफेचा, आणि त्याचं वेळापत्रक सगळ्यात पक्कं. झुरका घेतल्यावर १० ते २० सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं आणि साधारण २ तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. उतरलं की बेचैनी, चिडचिड, लक्ष न लागणं. पुढचा झुरका ही बेचैनी मिटवतो, म्हणून 'बिडीनं डोकं शांत होतं' असं वाटतं. शांत होते ती आधीच्या बिडीनं मागे ठेवलेली बेचैनी. कॅन्सरची धास्ती जिथल्या तिथे राहते. पूर्ण बंद केल्यावर त्रास ४ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि २ ते ४ आठवड्यांत ओसरतो. तलफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांचीच असते.

सोडल्यानंतर मन कायमचं ढासळेल ही भीती खरी ठरलेली नाही. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सोडणाऱ्यांमध्ये चिंता, उदासी आणि ताण हे ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमी झालेले दिसले. हे अभ्यास फक्त कॅन्सर पेशंटवरचे नव्हते, पण मानसिक आजार असलेल्यांमध्येही चित्र तसंच होतं.

'आता सोडून काय उपयोग?' हा प्रश्न बहुतेक वेळा निराशेतून येतो, तरी त्याला सरळ उत्तर आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) २०१४ च्या अहवालानुसार निदानानंतरही ओढत राहणाऱ्या कॅन्सर पेशंटमध्ये मृत्यूचा धोका सुमारे दीडपट असतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो, आणि ऑक्सिजन कमी मिळालेल्या गाठीवर रेडिएशनचा परिणाम कमी होतो. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी दिलं जाणारं एर्लोटिनिब धुरामुळे यकृतात लवकर निकामी होतं, म्हणजे गोळी पूर्ण घेऊनही रक्तात ती कमी राहते.

दुसरा ताण औषधांचा, आणि याच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. केमोबरोबर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. त्यानं त्या रात्री आणि पुढच्या एक-दोन रात्री झोप लागत नाही, जीव अस्वस्थ होतो; ते थांबलं की एकदम गळाल्यासारखं, उदास वाटतं. याच दिवसांत बिडी सोडलेली असेल तर सगळा दोष बिडी सोडण्यावर येतो. केमोनंतर घरी घ्यायचं स्टिरॉइड सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. बऱ्याचदा तेवढ्यानं रात्र सुधारते.

मग चहा. तंबाखूच्या धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि कॅफिन झपाट्यानं निघून जातं. धूर बंद झाला की काही दिवसांत तो वेग खाली येतो. चहा तेवढाच, पण कॅफिन दुप्पट वेळ अंगात राहतं. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री टक्क जाग. दिवसाला सहा कप चहा असेल तर सोडायच्या दिवसापासून तीन करावा, तोही दुपारपर्यंतच. याच एन्झाइमवर केमोच्या उलट्यांसाठी दिलं जाणारं ऑलान्झपीनही अवलंबून असतं. सोडल्यावर त्याची झापड वाढली तर डोस कमी करावा लागतो. तंबाखू सोडण्यासाठीच्या निकोटीनच्या पॅचनं (त्वचेवर लावायच्या पट्टीनं) किंवा च्युइंगमनं यात फरक पडत नाही, कारण हे काम धुराचं आहे, निकोटीनचं नाही.

आणि पोट. हे कारण बोलायला लोक संकोचतात, पण परत ओढायला लावण्यात त्याचा हात मोठा. "सकाळी बिडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे घरोघरी ऐकलेलं वाक्य आहे, आणि त्यात तथ्य आहे: निकोटीन आतड्यांना चालना देतं. ते बंद झालं, त्यात उलटीवर ऑन्डान्सेट्रॉन आणि दुखण्यावर मॉर्फिन सुरू झालं. ही दोन्ही बद्धकोष्ठ करणारीच. चार दिवस पोट फुगलेलं, जेवण नको, आणि पाचव्या दिवशी 'फक्त पोटासाठी' एक बिडी. म्हणून पोट साफ करणारं सौम्य औषध बिडी सोडायच्या दिवसापासूनच मागून घ्यावं, त्रास सुरू व्हायची वाट पाहू नये. पहिल्या काही आठवड्यांत खोकलाही वाढू शकतो; श्वासनलिका पुन्हा साफसफाई करू लागते. बेडक्यात रक्त दिसलं किंवा दम वाढला तर मात्र त्याच दिवशी दाखवावं.

तिसरा ताण खुद्द आजाराचा. तो मोजण्याचं एक साधं साधन कॅन्सर रुग्णालयांत वापरलं जातं: ० ते १० आकड्यांचा 'थर्मामीटर'. गेल्या आठवड्यातली मनाची घालमेल किती, तिथे पेशंटनं खूण करायची. ४ किंवा जास्त असेल तर पुढे विचारपूस व्हायला हवी. झोप, भूक, थकवा यांवरून उदासी ओळखणं इथे फसवं ठरतं, कारण कॅन्सर आणि तलफ दोन्ही तेच करतात. त्यापेक्षा हे पाहावं: नातवंडं आली तरी चेहरा हलत नाही, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' हे सारखं तोंडी येतं, पुढचं काहीच दिसत नाही. असं दोन आठवडे टिकलं तर ती तलफ नव्हे, नैराश्य आहे. त्यावर स्वतंत्र उपचार लागतो आणि तो सोडण्याच्या उपचाराबरोबरच सुरू करता येतो. जीव नकोसा झाल्याचं बोलणं आलं तर दोन आठवडे थांबायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो.

आता औषधं. 'पॅचमध्येही निकोटीनच, मग कॅन्सर वाढेल' ही शंका जवळपास प्रत्येक घरात निघते. कॅन्सर होतो तो धुरातल्या सुमारे ७० ज्ञात कर्ककारक द्रव्यांमुळे. निकोटीन व्यसन लावतं. दिवसाला १० हून जास्त सिगारेटी असतील तर पॅच साधारण २१ मिलिग्रॅमचा, ६ आठवडे. मग १४ चा २ आठवडे, ७ चा २ आठवडे. रोज सकाळी नव्या जागी, कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर, रेडिएशन घेतलेली जागा सोडून. एमआरआयच्या आधी काढायचा, कारण काही पॅचच्या पाठीला धातूचा पापुद्रा असतो. मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर पॅचबद्दल सर्जनला आधी सांगायचं.

च्युइंगम अडखळतं ते चुकीच्या चावण्यामुळे. झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, चव गेली की पुन्हा थोडं चावायचं; असं अर्धा तास. सारखं चावलं तर निकोटीन पोटात जातं, उचकी आणि मळमळ होते, आणि पेशंट ते केमोच्या खात्यावर टाकून बंद करतो. आधीची १५ मिनिटं चहा, कॉफी, सरबत नको. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचं, नाहीतर २ चं. तोंड आलेलं असेल, जबडा उघडत नसेल तर च्युइंगमचा हट्ट नको, पॅच बरा.

व्हॅरेनिक्लिन ही तलफ कमी करणारी गोळी सिगारेट सोडायच्या दिवसाच्या आठवडाभर आधी सुरू करतात: ३ दिवस अर्धा मिलिग्रॅम, पुढचे ४ दिवस अर्धा दोनदा, मग १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण १२ आठवडे. मळमळ टाळायला जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधानं किडनीला इजा झाली असेल तर डोस कमी करावा लागतो. या गोळीनं मनावर वाईट परिणाम होतो अशी भीती अनेक वर्षं होती. २०१६ साली ८,००० हून अधिक लोकांवरच्या मोठ्या चाचणीत तसं आढळलं नाही, आणि त्यातले निम्मे मानसिक आजाराचे पेशंट होते. ब्युप्रोपिऑन ही सोडायला मदत करणारी दुसरी गोळी मात्र टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरचं औषध चालू असलेल्या बाईला देऊ नये, कारण ते टॅमॉक्सिफेनला शरीरात प्रभावी होऊ देत नाही. मेंदूत गाठ असेल तरीही नको. फिट येऊ शकते.

नुसतं औषध पुरत नाही, नुसतं बोलणंही पुरत नाही. २०२० साली अमेरिकेत नव्यानं निदान झालेल्या ३०३ पेशंटवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला फोनवर ४ समुपदेशनं. दुसऱ्याला तीच ४, वर आणखी ७ आणि मोफत औषध. सहा महिन्यांनी पहिल्या गटात २१.५ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती, दुसऱ्यात ३४.५. फरक पडला तो सोबत लांबवण्यामुळे आणि औषध हातात पडल्यामुळे. आपल्याकडे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे आणि तिचं एक केंद्र मुंबईत टाटा मेमोरियलकडे आहे.

महाराष्ट्रात एक खास सापळा आहे. २०१६-१७ च्या तंबाखू-वापराच्या पाहणीत इथले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते आणि २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू घेत होते. म्हणजे बिडी सुटली तरी मळलेली तंबाखू आणि मिश्री घरातच, हाताशी. 'धूर नाही, मग चालतं' म्हणून ती सुरू झाली तर तोंडाच्या कॅन्सरच्या वाटेवर पेशंट पुन्हा उभा राहतो. सोडायच्या आदल्या दिवशी घरातली चंची, मिश्रीची डबी, लायटर, सगळं बाहेर गेलं पाहिजे, फक्त पेशंटचं नव्हे.

घरच्यांना कळकळीनं सांगायचं ते हे: 'किती वेळा सांगितलं होतं' हे वाक्य गिळून टाका. अपराधी वाटलं की माणूस लपून ओढतो आणि डॉक्टरांनाही खोटं सांगतो. 'ओढता का अजून?' यापेक्षा 'शेवटची कधी ओढली?' असं विचारलं तर खरं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

एखादी ओढली गेली तर पॅच चालूच ठेवायचा, तारीख नव्यानं ठरवत बसायचं नाही. फाईलच्या मागच्या पानावर वेळेसकट लिहायचं: 'मंगळवार, संध्याकाळी ७. उद्या पेट स्कॅनचा रिपोर्ट. एक बिडी.' अशा तीन-चार ओळी जमल्या की समुपदेशकाला फोन नेमका कोणत्या संध्याकाळी करायचा ते कळतं.