तीस-चाळीसचा प्लॉट आणि ११ हजार लिटर पाणी

बेळगावात कुणी प्लॉट घेतला म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, तीस-चाळीस काय? म्हणजे १२०० स्क्वेअर फूट, गुंठ्याहून थोडं जास्त, कारण गुंठा १०८९ चा. मी पावसात बसल्याबसल्या या प्लॉटचा एक हिशोब घातला आणि तो डोक्यातनं जाईचना, म्हणून लिहितोय.

भाताच्या शेताला बांध असतो. बांधाच्या आत समजा १० सेंटीमीटर पाणी उभं राहिलं, वीतभर पण नाही, तर ३०×४० च्या तुकड्यात ते होतं साधारण ११ हजार लिटर, मोठा एक टँकर! अख्ख्या एकरात ४ लाख लिटर. हे पाणी तिथं थांबतं, थोडं जिरतं, थोडं उन्हानं उडतं, उरलेलं सावकाश खालच्या शेतात उतरतं. आता त्याच तुकड्यावर स्लॅब पडला आणि पुढं अंगणात पेव्हर बसवले की तेच पाणी काही मिनिटांत गटारात. पाऊस तेवढाच पडला बघा की, पण नाल्याला जे पाणी दोन दिवसांत मिळायचं ते तासाभरात मिळालं. पुराचं गणित नुसतं किती पाणी आलं याचं नसतं, किती पाणी एकाच वेळी आलं याचंही असतं, आणि हे दुसरं आपण स्वतःच वाढवून ठेवतो.

बेळगावच्याच शहापूर-वडगाव शिवारातल्या लोकांना हे सांगायलाच नको. बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात पात्र सोडतो आणि भातात घुसतो, त्यात गाळ, जलपर्णी, शहराचं सांडपाणी सगळं आलंच. नाला साफ करा ही मागणी बरोबरच आहे, पण नाला साफ केला तरी वरनं येणारे टँकर कमी होत नाहीत.

जागेचा न्याय म्हणतात तो इथं येतो. इंग्रजीत स्पेशियल जस्टिस, एडवर्ड सोजा नावाच्या भूगोलाच्या प्राध्यापकांनी हा विषय बराच पुढं नेला. ऐकायला जड वाटतं पण मुद्दा साधा आहे, एखाद्या जागेचा फायदा कुणाला आणि त्रास कुणाच्या दारात, हे वाटप आपोआप होत नाही, कुणीतरी नकाशावर रेघ मारून ते ठरवलेलं असतं. सोजांचं आवडतं उदाहरण त्यांच्या लॉस एंजेलिसचं. तिथं रेल्वेवर पैसा चाललेला आणि गरिबांच्या बस खचाखच, मग बसचे प्रवासी कोर्टात गेले आणि १९९६ साली समझोता होऊन बसवर खर्च करणं भाग पडलं. आमच्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, गवाळीसारख्या वाड्यांना विचारा, पावसाळ्यात दवाखाना किती किलोमीटरवर याला अर्थच नसतो, ओढा ओसरायला किती तास लागतात हे अंतर.

असो, शिवाराकडं परत येऊ. जमीन सरकारनं घेतली तर २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. बाजारभाव धरायचा, खेड्यात त्याला १ ते २ पट गुणायचं, वर १०० टक्के दिलासा रक्कम. कागदावर चांगलंय. पण बाजारभाव निघतो बराचसा नोंदणी झालेल्या खरेदीखतांवरनं, आणि खतात खरा आकडा किती जण लिहितात ते सगळ्यांना माहिती आहे. बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपास रस्त्याला शेतकऱ्यांनी एवढी वर्षं विरोध केला तो नुसता भावासाठी नव्हता, पिकाऊ जमीन मधनं चिरली जात होती. आणि मला जास्त खटकतं ते वेगळंच. मोजणी होते ती ज्याचा सर्वे नंबर संपादनात आला त्याची. रस्त्याचा भराव घातल्यावर ज्याच्या शेतात पाणी तुंबलं, त्याचा एक गुंठाही गेलेला नसतो, त्यामुळं तो यादीत कुठंच नसतो. खासगी लेआउटचं तर आणखी अवघड, कारण एन ए, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करणं, होतं एकेक तुकडा सुटा सुटा, प्रत्येक जण म्हणतो माझ्या एका प्लॉटनं काय पूर येणार? खरंच येत नाही. शंभरांनी येतो, पण शंभरांचा अर्ज एकत्र कधी नसतोच.

उपाय फार मोठे नाहीत. लेआउटमध्ये मोकळी जागा सोडावी लागतेच, ती बहुतेक वेळा विकली न जाणाऱ्या अडचणीच्या कोपऱ्यात सोडतात, ती सगळ्यात सखल बाजूला ठेवून थोडी खोल केली तर पावसाळ्यात तळं आणि उन्हाळ्यात पोरांना क्रिकेटला मैदान. रस्त्याच्या भरावाखालची मोरी, म्हणजे पाणी पलीकडं जायची वाट, आजच्या नाही तर वीस वर्षांनी वर किती घरं होतील ते धरून ठेवायची. आणि एन ए देताना खालच्या शेतकऱ्याला विचारायचं, नुसतं शेजारच्याला नाही.

खालच्या शेतात आता काय होतं तेवढं सांगतो. आमच्याकडं भात निघाला की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा टाकतात, वरनं पाणी द्यायला लागत नाही. पाणी जास्त दिवस तुंबलं की भात कुजतो, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, उशिरा येतो, मसूर पेरायची वेळ निघून जाते. म्हणजे एका पावसात दोन पिकं गेली. आणि तिकडं वरच्या प्लॉटवर फेब्रुवारी-मार्चमध्ये बोअर मारायची गाडी उभी असते.