बाशिंग (नेचा)

बाशिंग किंवा वांदरबाशिंग (ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया) हा पॉलिपोडिएसी कुलातील नेचा (फर्न) झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांवर वाढतो. भारत व श्रीलंकेपासून आग्नेय आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. ज्या झाडावर तो बसतो त्याचा रस शोषत नाही, केवळ आधार घेतो. त्यामुळे त्याला बांडगूळ समजून उपटणे हा त्याच्यावर अन्याय आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्याचे वर्णन पॉलिपोडियम या प्रजातीत (जीनसमध्ये) केले. अलीकडे काही वर्गीकरणकार त्याला ॲग्लेओमॉर्फा या प्रजातीत घालतात.

त्याला दोन तऱ्हेची पाने येतात. बुडाशी असलेली पाने आखूड, बिनदेठाची आणि कडेला उथळ कातरलेली असतात. ती लवकरच तपकिरी व कडक होतात, पण गळत नाहीत. त्यांच्या आणि खोडाच्या मधल्या खोबणीत पालापाचोळा, धूळ, मेलेले किडे साचून कुजतात आणि नेच्याला तिथेच खत व ओलावा मिळतो. दुसरी पाने हिरवी, लांब देठाची, खोलवर विभागलेली असून सुमारे मीटरभर वाढतात. अन्न तीच तयार करतात आणि बीजाणूही (बियांऐवजी येणारे सूक्ष्म कण) त्यांच्याच पाठीवर ठिपक्यांच्या रांगांत धरतात. कोरड्या ऋतूत या पानांचे खंड झडून नुसत्या शिरा उरतात. नेचा मेला असे वाटते, पण दाट तपकिरी शल्कांनी (खवल्यांनी) झाकलेले जाड मूलक्षोड, म्हणजे आडवे पसरणारे खोड, जिवंत असते आणि पाऊस पडताच नवी पाने फुटतात.

लागवडीत बहुतेक चुका हे न ओळखल्यामुळे होतात. बुडाची तपकिरी पाने वाळलेली म्हणून कापू नयेत. ती कापली की नेच्याचे कोठारच जाते. मूलक्षोड मातीत पुरले तर कुजते. ते लाकडाच्या ओंडक्यावर सुतळीने बांधावे, किंवा नारळाची सोडणे, झाडाच्या सालीचे तुकडे व लोणारी कोळसा भरलेल्या जाळीच्या टोपलीत वरच्या वर ठेवावे. मुळांनी पकड घेतली की सुतळी काढता येते. जागा उजेडाची हवी, मात्र दुपारचे कडक ऊन नको. वाढीच्या काळात भरपूर पाणी द्यावे आणि पुढच्या पाण्याआधी मिश्रण जरा सुकू द्यावे. पाने झडू लागली की पाणी कमी करावे. खत अगदी पातळ करून द्यावे. मूठभर कुजका पाला तपकिरी पानांमागे टाकला तर उत्तमच. कडाक्याची थंडी आणि हिमतुषार त्याला सोसत नाहीत.

अभिवृद्धीसाठी, म्हणजे नवी रोपे करण्यासाठी, मूलक्षोडाचा वाढता कोंब आणि काही मुळे असलेला तुकडा धारदार सुरीने कापून लावावा. बीजाणूंपासूनही रोपे होतात: निर्जंतुक, ओलसर मिश्रणावर ते भुरभुरून वर काच ठेवायची. आधी हिरवे, हृदयाकृती पातळ पापुद्रे दिसतात. खरी पाने त्यानंतर येतात आणि रोप हाताशी यायला बराच धीर लागतो. खवले कीड दिसली तर ओल्या कापडाने पुसून काढावी, मात्र पानांच्या पाठीवरचे रांगेतले ठिपके कीड समजून खरवडू नयेत.