आजारी किडनी, चेतलेले मज्जातंतू आणि मधुमेहाची गोळी: पार्श्वभूमी

किडनी निकामी होऊ लागली की रक्तदाब चढतो, आणि अनेकदा तीन-तीन गोळ्यांनीही आवरत नाही. बराच काळ याचं खापर अंगात साठणाऱ्या पाण्यावर आणि मिठावर फोडलं जायचं. त्यात तथ्य आहे, पण कारण तेवढंच नाही.

१९९२ मध्ये अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी डायलिसिसवरच्या रुग्णांच्या पायातल्या मज्जातंतूत बारीक सुई घालून रक्तवाहिन्या आवळणारे सिम्पथेटिक संदेश थेट मोजले. ते निरोगी माणसांच्या अडीच पट भरले. मात्र ज्यांच्या दोन्ही किडन्या काढून टाकल्या होत्या, त्यांच्यात हे संदेश निरोगी माणसांइतकेच होते. डायलिसिस दोघांनाही चालू होतं! म्हणजे आजारी किडनीच मेंदूला सतत डिवचत होती. या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच प्रयोग. त्यातूनच किडनीच्या नसा कॅथेटरने (रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने) जाळण्याच्या उपचाराला बळ मिळालं. २०१४ च्या मोठ्या चाचणीत तो फसला, पण सुधारित उपकरणांना २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

गोळीची कथा वेगळीकडून येते. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन हे रसायन वेगळं केलं गेलं. ते दिल्यावर लघवीतून साखर जाते, हे त्याच शतकात जर्मनीत फॉन मेरिंग यांनी दाखवलं. त्याच वाटेने पुढे डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या आल्या. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनने मधुमेहींमधले हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटवले. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनने मधुमेह नसलेल्यांचीही किडनी सावरून धरली. एवढा लाभ नुसत्या साखरेच्या हिशेबात बसेना.

शिवाय एक कोडं होतं. लघवी वाढली, रक्तदाब उतरला की नाडी वेगाने चालायला हवी. या गोळ्यांनी ती वाढत नव्हती. म्हणून या गोळ्या नाडी वाढवणाऱ्या सिम्पथेटिक मज्जातंतूंनाच शांत करत असाव्यात, असा संशय आला. एक तर्क असा, की साखर परत शोषण्याचं काम कमी झालं की किडनीला प्राणवायू कमी लागतो आणि तिचे मेंदूकडे जाणारे तक्रारीचे संदेशही घटतात. उंदरांमध्ये किडनीतलं नॉरएपिनेफ्रिन (हे मज्जातंतू सोडतात ते रसायन) उतरल्याचं दिसलं आहे. माणसांवरचे अभ्यास मात्र लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष सारखे नाहीत. किडनीच्या रुग्णांमध्ये १९९२ सारखीच सुई घालून, गोळीआधी आणि नंतर, मोजणं हाच खरा पुरावा ठरेल.